गाण्यामागं जाणारे आणि कड्याला लटकणारे

माझा चुलता गाण्यामागं गेला. आमच्या घरात हे असंच बोललं जातं. कुणी दारूच्या मागं जातो, कुणी बाईच्या मागं जातो, तसा तो गाण्यामागं गेला. सूतगिरणीत कायम होता. डॉफर म्हणून लागला, सायडर झाला. एका एप्रिलात वस्तीतल्या जयंतीला भीमगीतांची गायन पार्टी आली. रात्रभर गाणं झालं. पहाटे पार्टीचा टेम्पो सुटला तेव्हा हा मागं पेटीवर हात ठेवून बसलेला. त्याला गाता येत नव्हतं. वाजवता येत नव्हतं. सामान उचलायचं, माईक लावायचा, गायकाला कोमट पाणी द्यायचं आणि गाणं सुरू झालं की पुढं मांडी घालून ऐकायचं. एवढंच काम. अकरा वर्षं.

घरात चुलती आणि तीन पोरं. चुलती ऊस तोडायला गेली, लोकांची भांडी घासली, पोरं वाढवली. चुलता परत आला तो खोकत आला. दोन वर्षं अंथरुणाला धरून गेला.

आता माझं सांगतो. वय सव्वीस. दहावी नापास. त्याच गिरणीत ठेकेदाराकडं आहे, रिंगखात्यात, बहुतेक तिसरी पाळी. तुटलेला धागा सांधायचा, पुढं जायचं, परत सांधायचा. एका रात्रीत पंधरा किलोमीटर तरी चालत असेन आणि पोचत कुठंच नाही. नाकात कापूस, अंगाला घाम, कानात मशीन. त्या मशीनच्या ठेक्यावर मला ओळी सुचतात. सुटीत बिडीच्या पाकिटावर लिहून ठेवतो. त्यातली काही गाणी त्याच पार्टीनं गेल्या जयंतीला गायली. आता पार्टी म्हाताऱ्याचा पोरगा चालवतो. तो म्हणाला, "नुसती गाणी कशाला देतोस, तूच चल. एप्रिल-मे दोन महिने. रोज एक गाव."

पंधरा दिवस गैरहजर राहिलं की ठेकेदार नाव कापतो. आणि हे घरात कळल्यापासून चुलती माझ्याशी बोलत नाही.

या कोंडीत असताना एका दोस्तानं मोबाईलवर दोन सिनेमे दिले. दोन्ही इंग्रजी, दोन्ही खऱ्या माणसांचे. खाली अक्षरं येतात ती थांबवून, शब्दकोश उघडून, मी महिनाभर बघितले. एक ‘लाँग स्ट्रेंज ट्रिप’, २०१७ चा. दुसरा ‘व्हॅली अपरायझिंग’, २०१४ चा. पहिल्यात बॅंडमागं फिरणारे लोक, दुसऱ्यात कडे चढणारे. दोन्ही अमेरिकेतले, त्यातही कॅलिफोर्नियात उगवलेले. दोन्ही नोकरी सोडलेले, घर सोडलेले. मग मिळेल ते वाचत गेलो. तुम्ही म्हणाल, गोऱ्या पोरांच्या चैनीशी आपला काय संबंध? मलाही आधी तसंच वाटलं होतं. दोस्तहो, जरा पुढं वाचा.

ग्रेटफुल डेड हा बॅंड १९६५ मध्ये सुरू झाला. तीस वर्षांत त्यांनी सुमारे तेवीसशे कार्यक्रम केले. त्यांच्यामागं फिरणाऱ्यांना डेडहेड म्हणायचे. हे एका कार्यक्रमाला जाऊन घरी येणारे नव्हेत. आज या शहरात, परवा त्या शहरात, जुन्या व्हॅनमध्ये झोपत हजारो मैल जाणारे. का? कारण बॅंड रोज वेगळी गाणी वेगळ्या क्रमानं वाजवायचा. एकच गाणं आज दहा मिनिटं, उद्या वीस. कालचं आज नाही, आजचं परत कधी नाही. मग चुकवून कसं चालेल?

पोट कसं भरायचे? कार्यक्रमाच्या बाहेर गाड्या लावायच्या मैदानात बाजार भरायचा. रंगवलेले बनियन, चीज घालून भाजलेला पाव, मणी, माळा. ते विकून पुढच्या तिकिटाचे आणि पेट्रोलचे पैसे काढायचे. ज्याच्याकडं तिकीट नाही तो एक बोट वर करून गर्दीत उभा राहायचा. म्हणजे, कुणीतरी फुकट तिकीट द्या, चमत्कार करा. आणि कुणीतरी द्यायचं. बहिऱ्या लोकांसाठीसुद्धा पुढं जागा असायची. हातांच्या खुणांनी गाणं सांगणारा माणूस असायचा आणि ते फुग्यावर हात ठेवून ठेका अंगात घ्यायचे. हे वाचून मी थांबलो. कारण गाण्यामागं कुणालाही जाता येतं. लंगड्याला, बहिऱ्याला, पोटुशीला, माझ्या चुलत्याला.

आणखी एक. हा बॅंड लोकांना गाणं टेपवर भरून घेऊ द्यायचा. १९८४ पासून तर टेपवाल्यांना बसायला वेगळी जागा दिली. नियम एकच. टेप विकायची नाही, फक्त अदलाबदल करायची. एकाची टेप दुसऱ्याकडं, त्याच्याकडून तिसऱ्याकडं. आपला हा सायक्लोस्टाईल अंक जसा फिरतो, एक जण वाचतो आणि दहा जणांना देतो, तसं. कुठल्या तारखेला कुठं काय वाजलं याच्या वह्या लोक ठेवायचे. त्यातून १९८७ मध्ये डेडबेस नावाचं जाडजूड पुस्तक निघालं. ऐकणाऱ्यांनी गाणाऱ्यांचा इतिहास लिहिला.

आता दुसरे. योसेमिटी नावाचं खोरं आहे. तिथं एल कॅपिटन हा सरळ तुटलेला कडा, उंची सुमारे तीन हजार फूट. त्याच खोऱ्यात कॅम्प फोर ही तंबू ठोकायची जागा. १९५० आणि ६० च्या दशकात तिथं पोरं येऊन राहिली. नोकरी नाही. महिनोन्महिने तंबूत, आणि दिवसभर खडकावर. टुरिस्ट लोक हॉटेलात ताटात टाकून जायचे ते उष्टं काहीजण खायचे. यव्हॉं शुईनार नावाचा एकजण तर मांजरासाठी विकतात ते डब्यातलं खाणं खाऊन राहिला. आपल्यात उष्टं खाण्याचा इतिहास केवढा आहे ते मी सांगायला नको. ते उष्टं कुणी हौसेनं खाल्लं नव्हतं, म्हणून मला पहिल्यांदा राग आला. पण हाच शुईनार स्वतः लोहारकी शिकला. १९५७ मध्ये जुनी भट्टी विकत घेतली, खडकाच्या भेगेत ठोकायच्या लोखंडी खुंट्या घडवल्या आणि गाडीतून दीड डॉलरला एक अशा विकल्या. स्वतः घडवायचं, त्याच्यावर स्वतःचा जीव टांगायचा. हातानं काम करणाऱ्याला हे कळतं. पुढं याच माणसानं पॅटागोनिया ही कपड्यांची मोठी कंपनी काढली. म्हणजे मांजराचं खाणं खाणाऱ्याला वर यायला जिना होता. आमच्या खात्यात असा जिना मला अजून दिसलेला नाही.

एल कॅपिटनचा मधला सोंडेसारखा मार्ग, नोज म्हणतात त्याला, पहिल्यांदा चढायला वॉरन हार्डिंग आणि त्याच्या सोबत्यांना जुलै १९५७ ते नोव्हेंबर १९५८ लागले. मध्ये थांबत, दोर बांधून ठेवत, पंचेचाळीस दिवसांचं काम. १९७५ मध्ये तिघांनी तोच मार्ग एका दिवसात केला. लिन हिल या बाईनं १९९३ मध्ये तो नुसत्या हातापायांनी चढून दाखवला. दोर होता, पण पडली तर धरायला, चढायला नव्हे. तोवर एकाही पुरुषाला ते जमलं नव्हतं. ३ जून २०१७ ला ॲलेक्स ऑनोल्ड हा कित्येक वर्षं व्हॅनमध्ये राहिलेला पोरगा दुसऱ्या मार्गानं दोराशिवाय एकटा वर गेला, तीन तास छप्पन मिनिटांत.

आता तुलना. रिंगफ्रेममधून फेऱ्या मारताना मी ती रोज करतो.

दोघांनीही घड्याळ सोडलं. दोघं थोडक्यात जगले. गाण्यामागं जाणाऱ्याचं तोंड स्टेजकडं असतं. मधे दुसरं कुणीतरी आहे आणि आपण भोवती. कडा चढणाऱ्याच्या तोंडासमोर खडक. मधे तो स्वतः. गाण्यामागच्याला हजार माणसांची ऊब मिळते, पण त्यातलं कुणी नसलं तरी गाणं होतं. कड्यावर माणसं दोनच. वरचा चढतो, खालचा दोर धरतो. खालच्याची नजर हलली तर वरचा गेला. तिथं दुसऱ्याशिवाय काहीच होत नाही, ऑनोल्डसारखा एखादा सोडला तर.

आणि शेवट? ९ ऑगस्ट १९९५ ला बॅंडचा मुख्य गिटारवाला जेरी गार्सिया वारला. महिनाभर आधी शिकागोला झाला तो शेवटचा कार्यक्रम. त्याच जुलैत इंडियानात हजारो लोक बिनतिकिटाचे कुंपण मोडून आत घुसले होते आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला होता. गर्दी १९८७ पासून फार वाढली होती, कारण त्या वर्षी त्यांचं एक गाणं रेडिओवर गाजलं. नवे आले त्यांना गाण्यापेक्षा मैदानातली नशा जास्त पाहिजे होती. नशेच्या गोळ्या-कागदापायी कितीतरी पोरं लांबच्या मुदतीनं तुरुंगात गेली. गार्सिया गेल्यावर उरलेल्यांनी १९९८ मध्ये एका नावानं बॅंड केला, २००३ मध्ये दुसऱ्या, २००९ मध्ये तिसऱ्या, २०१५ मध्ये चौथ्या. हे वाचताना मी मशीनजवळ एकटाच मोठ्यानं हसलो. मुकादम बघायला लागला. त्याला काय सांगू, की आमचा रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये निघाला, त्याचे गट मोजायला घेतले की हाताची बोटं पुरत नाहीत!

कार्यकर्ते दोस्तहो, राग मानू नका. आपणही मागं फिरणारेच आहोत. या सभेहून त्या सभेला, टेम्पोत बसून, झेंडा धरून, तोंड स्टेजकडं करून. नेता बोलतो, आपण ऐकतो. तो दुसऱ्या स्टेजवर गेला की आपण दुसऱ्या स्टेजपुढं. शेजारी बसलेल्याची नोकरी गेली का, त्याच्या घरी चूल पेटली का, हे आपल्याला ठाऊक नसतं. आपण ऊब घेतो, पण दोर कुणाचा धरतो? हे मी बाहेरून म्हणत नाही. मीही त्याच टेम्पोत असतो.

पण एवढ्यावर कडा चढणाऱ्यांचा जयजयकार करून थांबलो तर मी खोटा. कारण कॅम्प फोरची दुसरी गोष्ट आहे आणि ती आपल्यासाठी पहिली आहे.

त्या खोऱ्यात आधी आवानीची लोक राहत होते. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाची हत्यारबंद टोळी शिरली. ओकची फळं साठवून ठेवली होती, वर्षाचं धान्यच ते, ती जाळली आणि लोकांना हुसकलं. काही जण परत आले. मग तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. टुरिस्टांची भांडी-कपडे करायला, टोपल्या विणून दाखवायला हेच लोक लागत होते, म्हणून त्यांना लहान खोल्यांची एक वस्ती दिली. ती वस्ती कॅम्प फोरच्या शेजारीच. पुढं नियम आला, कामावर असेल त्यानंच राहायचं. काम गेलं की घर गेलं. माणसं कमी कमी होत गेली आणि १९६९ मध्ये उरलेली घरं नष्ट केली. कशी? आग विझवायच्या सरावासाठी जाळून!

१९६० चं दशक. एका बाजूला घर सोडून आलेली पोरं, नियमापेक्षा जास्त दिवस राहतात म्हणून पहाऱ्यावाल्यांना चुकवतात आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात. हाकेच्या अंतरावर घर सोडायचं नाही म्हणणारी माणसं, त्यांची घरं जातात. कॅम्प फोरला २००३ मध्ये देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत घातलं, चढणाऱ्यांनी त्यासाठी कोर्टात भांडण केलं होतं. आदिवासींना त्यांच्या वस्तीच्या जागेवर पुन्हा उभारणी करायचा रीतसर करार मिळायला २०१८ उजाडलं.

घर असलेल्यालाच घर सोडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या माणसांनी गाव सोडलं ते दुष्काळानं, मारहाणीनं, पोटानं. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता, तोही रिंगखात्यातच. विणाईत पगार जास्त, पण तिथं धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून विणाईखातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला होता. आजा गिरणीत गेला ही काही त्याची भटकंती नव्हती. ऊसतोडीला टोळी जाते, तिला कुणी मुक्त जीवन म्हणत नाही.

खडकालाही जात लागते. अमेरिकेत कड्यावरच्या मार्गाला पहिला चढणारा नाव देतो. त्यात काळ्या लोकांना, आदिवासींना, बायांना शिव्या असलेली नावं होती. २०२० मध्ये ओरड झाली तेव्हा ती बदलायला लागले. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं काढायचा निर्णय केला. कागदावर नाव बदलतं. एस. टी. तला कंडक्टर अजून जुन्याच नावानं विचारतो.

मग काय म्हणायचं? गरिबानं फिरू नये? ही चैन गोऱ्यांनी आणि पांढरपेशांनीच करायची? हाच माझा खरा प्रश्न. महिनाभर मी स्वतःला हेच सांगून गप्प बसवत होतो, की तुझ्या मागं घर नाही, तू धागे सांध. आणि दोस्तहो, हे सांगणं मला मनूनं सांगितल्यासारखं वाटायला लागलं. तुझ्या जन्माला हे नाही, असंच ना ते? २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतली पाच पोरं एव्हरेस्टवर गेली. त्यांना कुणी विचारलं का, की पोटापाण्याचं आधी बघा, डोंगर कशाला? वामनदादा कर्डक (१९२२–२००४) उभं आयुष्य गावोगाव गात फिरले. ते फिरले नसते तर माझ्या अडाणी आजीला बाबासाहेब कुणी सांगितले असते? पोटाच्या पलीकडचं काहीतरी मागणं, हासुद्धा आपला हक्क आहे. फक्त तो कुणाच्या पाठीवर उभा राहून मागतो, ते बघायला पाहिजे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी चुलत्याची पेटी उघडली. पत्र्याची पेटी. आत एक वही. त्यानं वही ठेवली होती हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तारीख, गाव, गाणी, ओळीनं. कुठलं गाणं दोनदा म्हणायला लावलं. पाऊस आला का. जेवण कसं होतं. ‘जेवण चांगलं’, ‘जेवण नाही’, ‘पिठलं, पोरं भुकेली होती, कमी खाल्लं’. अकरा वर्षांची वही. पार्टीच्या म्हाताऱ्यानं रचलेली कितीतरी गाणी कुठंच छापली नाहीत, कॅसेट निघाली नाही. ती या वहीत आहेत. गाता न येणाऱ्या, वाजवता न येणाऱ्या माणसाच्या अक्षरात. तो वाया गेला म्हणत होतो आपण. मी वही छातीशी धरून बसलो.

मग एक पान आलं. गाव आमच्या वस्तीपासून चार किलोमीटर. गाणी नऊ. पाऊस नाही. खाली ओळ: ‘घरी गेलो नाही.’

संध्याकाळी चुलतीकडं गेलो. ती शेंगा फोडत होती. बोलली नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तिच्यापुढं बसून वही वाचायला लागलो. गावं, गाणी, जेवण. ती शेंगा फोडत राहिली. ते पान आलं तेव्हा मी थांबलो. उलटून टाकावं वाटलं. पण वाचलं.

चुलती म्हणाली, "मला ठावं हाय. मी गेलते."

"कुठं?"

"त्याच परोग्रामला. बारकीला कडंवर घेऊन चालत गेले. बाया बसल्यात्या, त्यांच्या मागं हुबी राह्यले. हा फुडं बसलेला. गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत. पार सपस्तवर एकदा बी मागं वळला न्हाई."

मला काय बोलावं कळेना. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "गाणं मातर चांगलं होतं रं."

मग मी तिला कॅम्प फोरचं सांगितलं. म्हणजे दोराचं. एक जण वर चढतो आणि एक जण खाली दोर धरून मान वर करून बघत राहतो, असं. तिनं विचारलं, "मग खालचा कवा चढतो?" मी म्हणालो, "वरचा पोचला की तो वरून दोर धरतो, मग खालचा चढतो." ती हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "आमच्यात वरचा पोचला की दोर इसरतो."

अमेरिकेच्या दोन सिनेमांत आणि महिनाभराच्या शब्दकोशात मला जे नीट धरता येत नव्हतं, ते तिनं तिथंच सांगितलं.

शेवटी ठरलं ते असं. दोन महिने नाही. एप्रिलात बारा दिवस, मेमध्ये बारा. ठेकेदार पंधराव्या दिवशी नाव कापतो, म्हणून बारा. त्यातल्या काही पाळ्या माझा शेजारचा सायडर जोडपाळी करून काढणार. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी त्याच्या काढणार. मिळेल त्या बिदागीतला अर्धा वाटा चुलतीच्या हातात, आधी. वही मी बरोबर नेणार नाही. तिची नक्कल करायला घेतली आहे, रोज चार पानं. मूळ घरात राहील. आणि आमच्या तालुक्यातल्या पहिल्या कार्यक्रमाला चुलती येणार आहे. मागं उभी राहायला नाही. ती म्हणाली, "फुडं बसीन, आन् सतरंजी माझी मी आणीन."

ठेकेदारानं तरी नाव कापलं तर? कापेल कदाचित. तेही बघू. युनियन नाही आमच्यात, ती करायचं काम पडलंच आहे. ते काम स्टेजपुढं बसून होणार नाही, त्याला शेजारच्याचाच दोर लागेल.

तुमच्या गावात पार्टी आली तर भेटा. तुमच्याकडं कुणा म्हाताऱ्याच्या पेटीत अशी वही असेल तर फेकू नका. नक्कल करा, वाटा. विकू मात्र नका.

जय भीम.